न्हाणीच्या नळीतलं रगत

न्हाणीचं पाणी तुंबलं, तर माणूस बोलवायचा नाही, आपण स्वतःच बघायचं, असं वैजीनाथनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं. बोरी गावात नळाचं काम करणाऱ्यांचा काही दुष्काळ नाही. पण वैजीनाथला मोबाइलवर नळीच्या आतलं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दिसला. ज्याला स्वतःच्या घरातली मिठाची बरणी सापडत नाही, त्याला आता नळीच्या आतलं शोधायचं होतं.

घाई मात्र खरी होती. अधिक महिना चालू होता, लेक वैष्णवीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावई महारुद्र सेलूहून धोंडे खायला येणार होता. नव्या जावयाचे पाय धुवायचे आणि ते पाणी तिथंच घोट्याएवढं उभं राहायचं, ही कल्पना दैवशालाला सहन होईना. तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "माझ्या जावयाचे पाय त्या घाणीत बुडाले, तर पंगतीत तुमचं ताट मांडणार न्हाई."

पार्सल आलं. लांब काळी वायर, तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा कॅमेरा, भोवती बारके दिवे. दुसऱ्या टोकाला मुठीत धरायचा दांडा आणि त्यावर वीतभर पडदा.

सावधगिरीत वैजीनाथ कमी पडला, असं कुणी म्हणू नये. व्हिडिओतली बाई म्हणाली, बॅटरी आधी भरून घ्या. त्यानं भरली. ती म्हणाली, पाण्यात फक्त पुढचं टोक चालतं, दांडा भिजू देऊ नका. त्यानं दांड्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. वायर जोरानं ढकलू नका, म्हणाली. तो वायरीशी नव्या नवरीसारखा वागला (खऱ्या नवरीशी कधी वागला नव्हता). जवळ विजेची तार असली तर करंट बंद करा, म्हणाली. त्यानं सगळ्या घराचं मेन स्विच पाडलं. आत मिक्सरमधलं पुरण अर्धं फिरून थांबलं. त्यावर दैवशाला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

इथवर सगळं व्हिडिओबरहुकूम. पण यंत्र नवं होतं, आणि नव्या यंत्राला कुंकू लागल्याबिगर आमच्याकडं सायकलसुद्धा दाराबाहेर पडत नाही. ट्रॅक्टरला पुढं कपाळासारखी जागा असते. शिलाई मशीनलाही असते. ह्या वायरीचं कपाळ कुठं? वैजीनाथनं डोकं चालवलं. जिथं डोळा, तिथं तोंड. जिथं तोंड, तिथं कपाळ. अंगठ्यानं तेलात कालवलेल्या कुंकवाचा मळवट भरला, नारळ फोडला आणि वायर नळीत सोडली.

पडदा लालभडक झाला.

शेजारचे दत्तराव बघायला आलेलेच होते. (ते कुठंही आलेलेच असतात.) त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"वैजू, हे रगत हाय."

"नळीत रगत कुठून येईल?"

"घूस मेलीय आत. ताजं दिसायलंय."

वैजीनाथनं वायर हळूच पुढं सरकवली. पुढंही रगत. वाकणापाशी रगत. एका घुशीच्या अंगात एवढं रगत मावतं का, ह्यावर दोघांची बरीच चर्चा झाली आणि शेवटी दत्तरावांनी दोन घुशी ठरवल्या. सणाच्या दिवशी जावयाच्या पायाखाली मेलेलं जनावर नको, म्हणून वैजीनाथनं टिकाव आणला. नळी दारापुढूनच परसाकडं जात होती आणि तिथली फरशी जावयासाठीच नवी बसवली होती. ती त्यानं उखडली. नळी लागेपर्यंत कमरेएवढं खोदलं.

तो खड्ड्यात उभा असतानाच दारात जीप थांबली.

महारुद्र उतरला, मागून वैष्णवी. सासरा खड्ड्यात, जावई काठावर. जावयाचे बूट बरोबर सासऱ्याच्या नाकासमोर आले.

"राम राम, मामा."

"या पाव्हणं. नळीत जरा रगत निघालंय."

दैवशाला पुरणाच्या हातांनी बाहेर आली. तिनं पडदा बघितला, वायर ओढून टोक बघितलं, मग नवरा बघितला.

"अवो, तुमच्या डोळ्यांत मूठभर कुंकू भरलं तर तुमाला काय हिरवं दिसंल?"

तिनं पदरानं कॅमेरा पुसला आणि वायर पुन्हा सोडली. आता नळी दिसली. पांढरी, पाण्यानं भरलेली, बिनघुशीची. पार शेवटाला, परसातल्या तोंडाच्या थोडं अलीकडं, काहीतरी गच्च बसलं होतं. जावई, लेक, दत्तराव, जीपचा ड्रायव्हर, सगळ्यांनी माना पुढं केल्या. बारक्या दिव्यांच्या उजेडात निळे पट्टे दिसले. मग नाडी दिसली.

"ही तुमची चड्डी हाय," दैवशाला म्हणाली.

तेव्हा वैजीनाथला आठवलं. घुशी घरात शिरू नयेत म्हणून त्यानंच चार दिवसांखाली परसातून बोळा कोंबला होता, काठीनं पार आत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा तोंडाशी दिसला नाही, तेव्हा बायकोनं काढला असंल म्हणून तो विसरूनही गेला होता.

"म्हंजे रगत न्हाई," दत्तराव नाराजीनं म्हणाले आणि घरी गेले.

बोळा निघाला, पाणी गेलं. पुरण रवाळ राहिलं, तरी धोंडे गोड झाले. पाय खड्ड्याच्या काठावर धुतले. महारुद्रनं सासऱ्याच्या हातून पोशाख घेतला, पाया पडला, चड्डीचं नावसुद्धा काढलं नाही. वैजीनाथला हायसं वाटलं. इज्जत राहिली म्हणायची. जावई लय समजदार मिळाला, असं तो गावभर सांगत फिरला.

दिवाळीला जावई आला तो सासऱ्यासाठी आहेर घेऊन. उलटा आहेर कुणी करत नाही, म्हणून वैजीनाथनं मुद्दाम चार माणसं गोळा केली आणि सगळ्यांच्या देखत ऐटीत पिशवी उघडली. धोतर नव्हतं, टोपी नव्हती. अर्धा डझन चड्ड्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या.

महारुद्र खाली वाकला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "मामा, पाच तुमाला. एक घुशीला."