चार तारांवर पियानो

पणजोबा पियानोचे सूर जुळवीत, आजोबा पियानो शिकवीत, वडील तो वाजवीत. बारकू मात्र पियानोजवळ उभा राहून पाने उलटत असे. घराण्याची उतरंड याहून स्वच्छ दाखविता येणार नाही. वडिलांच्या पश्चात घरच्या वार्षिक मैफलीत आत्या वाजवीत आणि चाळिशी ओलांडलेला बारकू त्यांच्या खांद्यामागे तिष्ठत असे. पान किंचित उशिरा उलटले, की आत्या भर मैफलीत गरजत, "आधी रे, आधी!"

यंदा वाळवीने पियानोचे पाय खाल्ले. मैफल तोंडावर आणि पियानो दुरुस्तीला. बारकूने चाचरत सुचविले, "आत्या, आजोबांचा तो संथ तुकडा मी माझ्या छोट्या गिटारवर, युकुलेलेवर, वाजवू?"

"त्या खेळण्यावर?"

"एकेक तार बोटांनी छेडली, तर जमेल."

"वाजव. पण एक सूर जरी गाळलास, तर जन्मभर पानं उलटशील!"

दोन हातांचे सूर चार तारांवर मावेनात. पियानोवर जे एकदम वाजत, त्यांना बारकूने शिस्तीत एकामागून एक उभे केले. सूर एकही गळाला नाही. मात्र तुकड्याचे बाड झाले.

"पाहुण्यांना जेवायला थांबवायचं, की राहायलाच?" बायकोने विचारले.

शिवाय युकुलेलेची चौथी तार खर्जाची नसते. ती उंचच बोलते. आजोबांचा गंभीर खर्ज तिच्यावर उंदरासारखा चिरकू लागला. बारकूने तिच्या जागी गिटारची पोलादी तार चढवून ताणली. मैफलीच्या सकाळी तारा धरणारी लाकडी पट्टी फाडकन उखडली आणि बायकोच्या चहात पडली.

"नायलॉनची तार नव्हती का?"

"होती. पोलादी भारदस्त वाटली."

नायलॉनची तार आली, झटपट चिकटणारा गोंद आला. पट्टी घट्ट बसली. ती दाबून धरणारी बारकूची उजवी करंगळीही तिच्या शेजारी घट्ट बसली.

"गरम पाण्यात बुडवा!"

"पट्टी सुटेल ना! मग वाजवू काय, कपाळ?"

बाहीतून युकुलेले जाईना, म्हणून सदराही बदलता आला नाही.

"झोपायच्या कपड्यांत?" आत्यांनी दारातच हटकले.

"साधेपणा, आत्या."

बारकू वाजवू लागला. करंगळी लाकडावर रोवलेली, बाकीची बोटे मोकळी. हात कधी नव्हे इतका स्थिर राहिला. पाहुणे माना डोलवू लागले. पहिले पान संपले आणि वादन थांबले.

"पान उलट ना," आत्या कुजबुजल्या.

"डावा तारांवर आहे, उजवा मोकळा नाही."

"करंगळी उचल!"

"उचलत नाही."

आत्यांनी चष्मा सावरून करंगळी न्याहाळली. मग त्या उठल्या. "सरक," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः पान उलटले. पुढच्या पानाशी मात्र त्या ऐकता ऐकता रमल्या.

"आधी, आत्या, आधी!" बारकू ओरडला.

पाहुण्यांच्या माना डोलायच्या थांबल्या. बायकोने डोळे मिटले.

"चुकलं," आत्या म्हणाल्या. हा शब्द त्या घराने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

उरलेली सारी पाने वेळेवर उलटली. टाळ्या पडल्या. बारकूला हात जोडता येईनात, म्हणून त्याच्या वतीने आत्यांनीच जोडले.

"एकही सूर गाळला नाहीस," त्या पाय चोळत म्हणाल्या. "चार गाळले असतेस, तर उपकार झाले असते."

"म्हणजे पुढच्या वर्षी..."

"तूच वाजवायचंस. आणि आजवर माझ्यासाठी उलटलेली तुझी सगळी पानं आज फिटली, समजलास? आता कोणीतरी गरम पाणी आणा रे!"