वाकड्या अक्षरांची साथ

"वर्ष संपायच्या आत मी ही नोकरी सोडतो की नाही बघ!" असं मास्तरांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने शांतपणे भांड्यावर झाकण ठेवलं आणि विचारलं, "का? मालक काही बोलले का?"

"ते कशाला बोलतील? आता मीच बोलणार आहे!"

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नसत. ते एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढत. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि दिवसभर एकेक अक्षर वाचायला लावायचं, म्हणून त्यांना मास्तर हे नाव पडलं ते पडलंच. त्यांना स्वतःला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली होती. पण चष्मा ही गिऱ्हाइकांनी लावायची वस्तू आहे असं त्यांचं ठाम मत होतं. वर्तमानपत्र ते हात लांब करून वाचत. हात अपुरा पडायला लागला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं.

नोकरी सोडण्याचं बळ त्यांना मोबाइलने दिलं होतं. डिजिटल नाणी फुकट वाटणारी एक साइट त्यांना सापडली होती. दर तासाला बटण दाबायचं, की नाण्याचा एक कण खात्यात जमा! कण म्हणजे अगदी कण. दशांशचिन्हापुढे शून्यांची अशी रांग, की शेवटच्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर माणसाला धाप लागावी.

"आज शून्यं आहेत गं," मास्तरांनी बायकोला समजावलं. "उद्या भाव चढला की बघ कशी पळतात ती!"

"पळतील हो. आपल्या घरातून सगळं पळतंच," बायको म्हणाली. तरी तिच्या नावानेही एक खातं मास्तरांनी उघडलंच.

अडचण एकच होती. बटण दाबण्याआधी साइटला खात्री हवी असायची, की समोर माणूस आहे, यंत्र नाही. त्यासाठी ती काही अक्षरं दाखवायची. अक्षरं कसली! झिंगून घरी निघाल्यासारखी एकमेकांच्या गळ्यात गळे घातलेली, वर कोणीतरी रेघोट्या मारलेल्या. ती ओळखून टाइप करायची. तीनदा चुकलं की दिवसभर खातं बंद. मास्तर मोबाइल लांब धरायचे, जवळ आणायचे, तिरपा करायचे आणि न चुकता चुकायचे. साइटच्या लेखी मास्तर हे यंत्र होतं, आणि तेही बिघडलेलं.

दुकानात मात्र त्यांना वाट सापडली. नंबर काढायच्या खोलीत मालकांनी नुकताच मोठा स्क्रीन लावला होता. अक्षरं त्याच्यावर कॉम्प्युटरमधून यायची. स्क्रीन मास्तरांच्या डोक्यावर, भिंतीला. समोर खुर्चीत गिऱ्हाईक. एकदा गिऱ्हाईक बसलेलं असतानाच तास भरला. मास्तरांनी सरळ साइटच त्या स्क्रीनवर उघडली आणि म्हणाले, "आता हे वाचा."

गिऱ्हाईक बिचारं डोळे बारीक करून वाचू लागलं. मास्तर टाइप करत गेले. कॉम्प्युटरमधून खळ्ळकन आवाज आला. कण जमा! मास्तरांचा ऊर भरून आला. वाचायला माणसं स्वतःच्या पायांनी येतात, वर तपासणीचे पैसेही देतात! त्या दिवसापासून प्रत्येक तासाच्या गिऱ्हाइकाला नेहमीच्या तक्त्यानंतर 'नवीन तक्ता' वाचावा लागू लागला. बरोबर आलं तर खळ्ळ, चुकलं तर भों.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बँकेच्या निवृत्त मॅनेजरबाई आल्या.

ह्या बाईंचा दरारा असा, की कर्ज मागायला गेलेला माणूस त्यांच्यापुढे नुसतं पाणी मागून परत यायचा. नवा चष्मा नीट बसतो का हे बघायला त्या आल्या होत्या. सून बाहेर थांबली होती.

"वाचा बाई," मास्तर म्हणाले.

"ही अक्षरं अशी का आहेत?"

"नवीन तक्ता आहे. वाचा."

बाई पुढे झुकल्या. "के... सात... नाही, एक असावा... मग एस, आडवा पडलेला..."

भों!

"चूक!" मास्तरांच्या तोंडून निसटलं.

बाईंना जन्मात कोणी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. भों! कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा वाचलं. भों!

"गेलं!" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "बंद पडलं! आता काही करता येत नाही!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "काय बंद पडलं?"

मास्तर आपल्याच दुःखात होते. "थोडक्यात गेलं हो! एवढं एक अक्षर बरोबर आलं असतं तरी वाचलं असतं!"

"उजवं की डावं?"

"दोन्ही," मास्तर पुटपुटले. बायकोचं खातंही त्याच कॉम्प्युटरवर उघडलेलं होतं, त्यामुळे एकाबरोबर दुसरंही बंद पडलं होतं.

पुढच्या मिनिटाला मॅनेजरबाई सुनेचा दंड धरून, डोळे गच्च मिटून दुकानाबाहेर पडल्या. इतकी वर्षं त्यांच्या आवाजाने थरथरणारी सून पहिल्यांदाच त्यांना "सांभाळून, पायरी आहे" असं मोठ्याने सांगत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषधाचे थेंब घालून, बॅटरी मारून, यंत्रापुढे बसवून बाईंचे डोळे तपासले. डोळे ठणठणीत! पण बाई सांगत होत्या, की अक्षरं लाटांसारखी हलली, त्यांच्यावर जाळं दिसलं. सरळ गोष्ट वाकडी दिसणं हे लक्षण डॉक्टर हसण्यावारी नेणार नव्हते. शिवाय हीच तक्रार घेऊन गाडी चालवायला शिकवणारा एक शिक्षक आधीच येऊन गेला होता. भीतीने त्याने गाडीला हात लावणं सोडलं होतं. मग एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्या सुईकडे बघून रडत होत्या. वाकड्या अक्षरांची जणू साथच आली होती! डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारलं, "चष्मा कुठून केलात?" उत्तर एकच निघालं.

डॉक्टर स्वतःच दुकानात आले. एवढा मोठा डॉक्टर आपल्याकडे आलेला बघून मालकांची कळी खुलली. त्यांनी स्वतः हात धरून त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं. मास्तर त्यांना ओळखत नव्हते. तास मात्र नुकताच भरला होता.

"वाचा साहेब."

डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि सगळी अक्षरं एका दमात वाचून दाखवली. खळ्ळ! हा शंभरावा कण होता, म्हणून या वेळी स्क्रीनवर रंगीत फुगे उडाले आणि मोठ्या अक्षरांत ओळ आली : अभिनंदन! तुम्ही माणूस आहात!

"शंका होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

दारात उभे असलेले मालक म्हणाले, "मास्तर, हा तक्ता मी कधी विकत घेतला?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. कोणी आरडाओरडा केला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. डॉक्टरांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि हातात जवळून वाचायचं कार्ड दिलं. तिसऱ्या ओळीला मास्तर अडखळले, चौथीला गप्प झाले. मालकांनी काचेच्या कपाटात कधीचीच पडून असलेली, कोणी हात न लावलेली जाडजूड फ्रेम काढली. पैसे पगारातून कापले जाणार होते.

घरी येऊन मास्तरांनी तो चष्मा लावला आणि मोबाइल उघडला. साइटच्या तळाशी एक बारीक ओळ होती. ती त्यांनी आजपर्यंत नक्षी समजून सोडून दिली होती. 'ही नाणी फक्त शिकाऊ लोकांच्या सरावासाठी आहेत. त्यांना काहीही किंमत नाही, पुढेही नसेल.' मास्तरांनी ती दोनदा वाचली. दोन्ही वेळा अगदी स्वच्छ दिसली.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. चष्मा चांगला झालाय."

एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माफी मागायची, अशी मालकांची अट होती. शिक्षकाने पुन्हा गाडी सुरू केली. शिवणकामवाल्या बाईंनी मास्तरांना दारातच खडसावलं, पण सुई हातात धरून खडसावलं, म्हणजे सगळं ठीक होतं. मॅनेजरबाईंकडे मास्तर सगळ्यात शेवटी गेले. बाईंनी त्यांना उभं ठेवूनच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या डोळ्यांना काही नाही."

"काही नाही बाई."

"मग ते मला चूक का म्हणत होतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "त्याला वाटलं, तुम्ही यंत्र आहात."

बाईंनी दाराला हात घातला.

"बँकेतही सगळे हेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण तोंडावर नाही!" आणि त्यांनी दार लावून घेतलं.