डेडलाइनचं मूळ गाव

ऑफिसातला कुठलाही इंग्रजी शब्द घ्या, त्याचं मूळ गाव मी सांगतो! मला छंदच आहे तो. पण ज्ञान कुठे पाजळावं याचीही अक्कल लागते आणि ती वाटताना देव मला विसरला.

बायकोचं शाखाप्रमुखपद जवळजवळ ठरलं होतं. शेवटचा शब्द तिच्या साहेबांचा आणि तेच आमच्याकडे जेवायला येणार होते. सकाळपासून ती बजावत होती, "हे बघ, तू फक्त हसायचं. शब्दांची मुळं-बिळं उपटायची नाहीत!"

"छे गं! तोंडाला कुलूप!" मी म्हणालो.

पहिल्या घासालाच साहेब म्हणाले, "तुमच्या मिसेसनी कधी डेडलाइन चुकवली नाही हं!"

झालं! "साहेब, डेडलाइन आली कुठून, ठाऊक आहे? तुरुंगातून! आवारात एक रेघ असायची. कैद्यानं ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा!"

साहेब हसले आणि बायकोकडे वळले. "काय मॅडम, आपलं ऑफिस तुरुंग वाटत नाही ना?"

खरं तर हे तिला विचारलं होतं. पण मी बसलोय ना! "वाटत नाही कसं? रोज दारात चप्पल काढताना म्हणते, सुटले बाई एकदाची!"

टेबलाखालून तिनं सणसणीत लाथ हाणली. मी सवयीनं पाय वर घेतला आणि लाथ बसली साहेबांच्या नडगीवर!

"आई गं!" साहेब कळवळले.

"सॉरी सर, सॉरी! ती याला मारली होती!"

वेळ मारून न्यायला मी म्हणालो, "घ्या, झाला किक-ऑफ! हा फुटबॉलमधला बरं का!"

कुणीच हसलं नाही. साहेब ताट तसंच ठेवून उठले आणि लंगडत गेले.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसातून घरी आली. पर्स खुर्चीवर टाकली. मग म्हणाली, "ती जागा दुसऱ्याला दिली. माझं नाव म्हणे सध्या बॅकबर्नरवर ठेवलंय."

डोळे भरले होते तिचे. किती वर्षं राबली होती ती त्या खुर्चीसाठी! हात धरावा, माफी मागावी, सगळं सुचलं हो! पण तोंड उघडलं आणि ही मेली जीभ म्हणाली, "अगं, बॅकबर्नर म्हणजे शेगडीचा मागचा बर्नर. हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातला!"

ती शांतपणे उठली आणि एप्रन माझ्या गळ्यात अडकवला. तेव्हापासून घरचा स्वयंपाक मी करतो. पुढच्याही बर्नरवर आणि मागच्याही.