टाकीतलं विष

शंकासुर हे नाव त्याला बिल्डिंगनं ठेवलं होतं आणि पूर्ण विचारांती ठेवलं होतं. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांत खोट काढून काढून या गृहस्थाची नजर अशी तयार झाली होती, की बायकोनं हसून चहा दिला तरी तो आधी कपाचा तळ बघायचा.

सेक्रेटरीनं गच्चीवर प्लास्टिकची नवी टाकी बसवली. त्याच सुमारास शंकासुराच्या वाचनात आलं, की प्लास्टिकमधली रसायनं पाण्यात उतरतात. (वाचलं अर्धंच होतं, पण अर्ध्या वाचनावर पूर्ण मत बनवण्यात त्याचा हातखंडा होता.) झालं. जिन्यात उभं राहून त्यानं जाहीर केलं, "सेक्रेटरी आपल्याला विष पाजतोय. रविवारी मीटिंगमध्ये सिद्धच करतो." घरातले प्लास्टिकचे डबे त्यानं भंगारात घातले. बायको तांदूळ किटलीत आणि साखर फुलदाणीत ठेवायला लागली.

प्रयोगशाळेनं दिलेल्या काचेच्या बाटलीत त्यानं टाकीतल्या पाण्याचा नमुना भरून दिला आणि शनिवारी निकालाला हजर झाला.

"पाणी चांगलं आहे," तिथल्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे किती वाईट?"

"वाईट नाहीच. प्लास्टिकचं एकही रसायन धोक्याच्या जवळपास नाही."

"नीट बघा ना. थोडंसं तरी असेल."

"अहो, पाणी चांगलं निघावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात."

"त्यांना मीटिंग नसते," तो पडेल आवाजात म्हणाला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग माझे डबे?"

मीटिंगमध्ये मात्र त्यानं छाती पुढे काढली. "पाणी शुद्ध आहे. पण आपल्यात कुणीतरी जागरूक आहे, हे विसरू नका."

सेक्रेटरी मुरलेला होता. "खरंय. पाण्याची एवढी काळजी दुसऱ्या कुणाला आहे? टाकी धुण्याचं काम यांच्याकडेच देऊ."

सगळ्यांचे हात वर गेले. सर्वांत आधी बायकोचा.

टाकीच्या तोंडाशी शंकासुराचं पोट अडकलं, तेव्हा दोघा शेजाऱ्यांनी त्याला मनापासून आत ढकललं. घामाघूम होऊन त्यानं टाकी घासली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येत असल्याची पहिली खरीखुरी तक्रार आली. जिन्यात माणसं जमली. शंकासुराचा चेहरा उजळला.

"मी सांगत नव्हतो? हीच ती रसायनं."

बायकोनं पेला हुंगला.

"रसायन कसलं," ती शांतपणे म्हणाली. "यांच्या डोक्याचं तेल आहे. आमच्या उशीला हाच वास येतो."