सरकारी ऊन

मार्गशीर्ष लागला की बुलढाण्यातलं ते सरकारी कार्यालय अकराच्या सुमाराला अंगणात येत असे. कार्यालयाचं नाव विचारू नका. गाव उंचावरचं, थंडी कडक, आणि ऊन काही कोण्या एका खात्याचं नसतं. इमारत जुनी दगडी, भिंती हातभर जाड. आत बसलं की बोटं पेन धरायला तयार नसत. म्हणून सगळे आपापली खुर्ची उचलून भिंतीकडेला मांडत. टेबलावर चष्म्याचं घर ठेवलेलं असलं की माणूस हजर, अशी तिथली रीत होती.

सगळ्यांत चांगली जागा बडे बाबू भागवतराव यांची. अकरा ते दोन तिथं सावली फिरकत नसे. भागवतबाबूंच्या डाव्या गुडघ्यात वात होता आणि बावीस हिवाळे त्या गुडघ्याला त्या जागेनंच सांभाळलं होतं. बायकोनं दिलेला मेथीचा लाडू, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि ते ऊन, एवढं मिळालं की बाबूंचं जगाकडे काही मागणं नसे. जगाचं त्यांच्याकडे असलेलं मागणं मात्र आत टेबलावर पडून राही.

साखरखेर्ड्याच्या सत्यभामाबाईंचंच घ्या. त्यांच्या एका दाखल्यात वय एकशे चौसष्ट पडलं होतं. ते शंभरानं कमी करून घ्यायला त्या चौथ्यांदा एसटीनं आल्या होत्या.

"बाबू, माह्या कागदाचं काय झालं?"

"मावशी, थंडी पाहून राह्यल्या ना? माणूस गोठून राह्यला, तिथं कागद काय हालते? संक्रांत झाली की या."

मावशी फाटकाकडे वळल्या. शेजारच्या खुर्चीत नव्या साहेब, प्रेरणा मॅडम, शेंगा सोलत होत्या. वय तिशीतलं, रुजू होऊन आठवडाच झालेला. मॅडमनी अजून कोणाला एका शब्दानं दुखावलं नव्हतं, त्यामुळे कार्यालय त्यांच्यावर खूश होतं. मावशी दिसेनाशा होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "इथलं ऊन रोज असंच असतं का हो?"

"हाव मॅडम! तब्येतीले एक नंबर. दिवसभर फुर्ती राह्यते."

"मग हे असं अर्धवट नको. नीट राबवायला हवं."

सोमवारी परिपत्रक निघालं. 'हिवाळ्यात कर्मचाऱ्यांचे आरोग्य व उत्साह टिकून राहावा याकरिता सर्वांनी दररोज अकरा ते दोन या वेळेत ऊन घेणे अनिवार्य करण्यात येत आहे.' भागवतबाबूंनी ते दोनदा वाचलं आणि पदरमोड करून पेढे मागवले.

"गोपाल, आता कोनाच्या बापाले भ्यायचं नाही बे! ऊन सरकारी झालं!"

गोपाल शिपायाची नोकरीत पंचवीस वर्षं गेली होती. पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, "बाबू, दुसरं पानही पाहून घ्या. सरकारी कागदाचं जहर दुसऱ्या पानावर राह्यते."

दुसऱ्या पानावर नियम होते. पहिला तास पाठ, दुसरा गुडघे, तिसरा तळपाय. उन्हात बोलणं, खाणं आणि मोबाईल बंद, कारण त्यानं आरोग्याकडे दुर्लक्ष होतं. बसताना सही, उठताना सही. या सगळ्याची अकरा रकान्यांची 'ऊन नोंदवही' ठेवायची, आणि तिचे नोडल अधिकारी भागवतराव.

दोन दिवसांत बाबूंचे हाल कुत्रं खाईना. कोणाची पाठ अजून गुडघ्यांच्या तासात उन्हाकडे आहे, कोणी तळपाय दाखवायला लाजतंय, कोण चोरून बोरं खातंय, हेच बघत हिंडायचं. स्वतःचा गुडघा सावलीतच राहायचा. त्यात बुधवारी आभाळ आलं. नोंदवहीत काय लिहावं हे न कळल्यामुळे बाबूंनी टिपणी पाठवली, 'ढगाळ हवामानामुळे ऊन अप्राप्त. मार्गदर्शन व्हावे.' तासाभरात मार्गदर्शन झालं. 'अप्राप्त ऊन शनिवारी, सुटीच्या दिवशी, कार्यालयात येऊन भरून काढावे.'

शनिवारी धामणगाव बढ्याला बाबूंच्या सासुरवाडीत भरीत-भाकरीचं जेवण होतं. वांगी भाजून तयार होती. बायको, गीताबाई, पुढं गेली होती. तिचा फोन आला तेव्हा बाबू अंगणात तळपाय वर करून बसलेले होते.

"काऊन आले नाही अजून?"

"मी उन्हात हाय." बाबूंनी दबक्या आवाजात सांगितलं.

"मंग इथं का चांदणं पडलं हाय?"

"तिथलं नाही चालत. इथलंच लागते."

पलीकडून फोन आपटल्यासारखा बंद झाला. बाबूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ज्या उन्हाची बावीस वर्षं दर हिवाळ्यात वाट पाहिली, त्याच उन्हाचा आता कंटाळा यावा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी कार्यालय पेटून उठलं. टंकलेखन करणाऱ्या जयमालाबाईंनी त्वचेसाठी डॉक्टरचा दाखला आणला. गोपालनं, आपल्या घरी पत्र्यावर भरपूर ऊन असून ते ग्राह्य धरावं, असा अर्ज दिला. शेवटी बाबूंना पुढं घालून सगळं शिष्टमंडळ मॅडमसमोर उभं राहिलं.

"मॅडम, आमाले आत बसू द्या."

"आत? आत बसून काय करणार?"

याचा विचार कोणीच करून आलं नव्हतं. बाबूंनी मागं पाहिलं, तर सगळे छताकडे पाहत होते. मग त्यांच्या तोंडून ते निघून गेलं.

"काम करू! कामाच्या टायमात काम करनं हा आमचा हक्क हाय! नाही भेटला तर संघटनेकडे जाऊ!"

मागून टाळ्या पडल्या. मॅडम चिंतेत पडल्या. "पण तुमची तब्येत? अंगात उत्साह कसा राहणार?"

"फायली उचलल्या की घाम येते मॅडम."

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर मॅडम कशाबशा राजी झाल्या. ज्याला सूट हवी त्यानं अर्ज करावा, आणि उत्साह शाबूत असल्याचा पुरावा म्हणून रोज वीस फायली निकाली काढाव्यात. एकोणीस झाल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. कार्यालयानं गुलाल तेवढा उधळला नाही.

संक्रांत झाली आणि सत्यभामाबाई पाचव्यांदा आल्या. सवयीनं त्या थेट अंगणात गेल्या. तिथं बाबूंच्या जागेवर मॅडम एकट्याच बसून सह्या करत होत्या.

"बडे बाबू कुठी हायेत व माय?"

"आत आहेत मावशी. जा, त्यांना घाई आहे."

मावशी आत गेल्या आणि दहा मिनिटांत शंभर वर्षांनी लहान होऊन बाहेर आल्या. दाखला मॅडमना दाखवून त्यांनी तो पदराला बांधला. एसटीला अजून वेळ होता. मॅडम सह्या आटोपून उठल्या आणि त्यांनी मावशींना आपली खुर्ची दिली. मावशी पाय पसरून निवांत बसल्या आणि त्यांनी पिशवीतून तिळगूळ काढला. खिडकीत त्यांना बाबू दिसले. कानाला मफलर, ओठ निळसर, एक हात गुडघ्यावर.

"बाबू, या ना बाहेर! तिळगूळ घ्या. काऊन गारठ्यात बसले? इथं लय झकास ऊन हाय!"

बाबूंनी आपल्या जागेकडे पाहिलं. ते ऊन तसंच होतं, पिवळंधमक, नेमकं गुडघ्याच्या उंचीवर. ते खुर्चीतून अर्धवट उठले. पण क्षणभरच. मग त्यांनी छाती पुढं काढली.

"नाही जमत मावशी," ते अभिमानानं म्हणाले. "लय भांडून सूट भेटली हाय मले."

आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा घट्ट मिटून त्यांनी विसावी फाईल उघडली.