हौसाआत्यांचं ‘न्हाई’

हिर्डोशीतल्या माझ्या शेजारीण हौसाआत्या सकाळी उठल्या की आरशासमोर उभ्या राहून मोठ्यांदा ‘न्हाई’ म्हणतात. आधी हळू, मग जोरात, मग कमरेवर हात ठेवून. भिंतीपलीकडे मी दाढी करत असतो. पहिल्या दिवशी दचकून गालच कापून घेतला.

ही करामत मोबाईलमधल्या एका ताईंची. ‘नाही म्हणायला शिका, स्वतःला जपा,’ असं त्या रोज हसतहसत सांगतात. मोबाईल दिला आत्यांच्या एकुलत्या एक लेकानं, संतोषनं. तो पुण्यात कंपनीत आहे, दर रविवारी येतो. गावात रेंज फक्त एसटीच्या थांब्यावर, म्हणून आत्या तिथं बसून ताईंना ऐकतात आणि उत्तरंही देतात, ‘‘व्हय गं बाय, लई बराबर बोललीस!’’

अडचण अशी, की हा शब्द आत्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता. घरात ‘नाही’ म्हणायचं नसतं, ही त्यांच्या आईची शिकवण. तांदूळ संपले तर ‘वाढले’ म्हणायचं, निघताना ‘येते’ म्हणायचं. कुणी खुरपणीला बोलावलं, अवेळी पाहुणे आदळले, तरी आत्यांचं आपलं ‘व्हय’. पण शिकायचा झपाटा काय सांगू! कंडक्टर म्हणाला, ‘‘आत्या, पुढं सरका.’’ ‘‘न्हाई!’’ अख्खी गाडी हसली, आत्याही हसल्या, आणि सरकल्या. शेजारणीनं विरजण मागितलं, ‘‘न्हाई!’’ ती बिचारी तोंड पाडून निघाली, तर आत्या वाटी घेऊन तिच्यामागं धावल्या, ‘‘अगं, सराव चाललाय माजा, धर!’’

‘‘गुरुजी, मला कायतरी इचारा,’’ म्हणत त्या माझ्याकडंही यायच्या.

‘‘चहा घेता?’’

‘‘न्हाई!’’ असं ठणकावून सांगायच्या आणि कप उचलायच्या. मला भलताच चेव चढला. त्या भरात मी मुख्याध्यापकांना नाही म्हणून टाकलं, तर पोषण आहाराचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

‘‘पण आत्या, एवढा सराव कुणासाठी?’’

‘‘हाय एक जन.’’

हा त्यांचा चुलतदीर असणार, असं मी धरून चाललो. तो दरवर्षी आत्यांची बैलजोडी फुकट नेतो. कधी एकदा त्याला ऐकवतात, असं मला झालं होतं.

रविवारी संतोष आला. आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. बराच वेळ तो नुसता मोबाईल उलटापालटा करत होता. मग म्हणाला, ‘‘आये, कंपनी गुजरातला पाठवतीया. पगार वाढंल, पर येनं वर्साकाठीच हुईल. तुला हितं एकटीला जड जाईल का गं? जात आसंल तर सांग, म्या जात न्हाई.’’

आत्यांनी पदर खोचला. कमरेवर हात ठेवला.

‘‘न्हाई,’’ म्हणाल्या. अगदी आरशासमोर म्हणायच्या तसं.

संतोषचा चेहरा खुलला. मी मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवला.

संध्याकाळी थांब्यावर आम्हा दोघांना ‘येतो’ म्हणून तो एसटीत बसला. गाडी वळणाआड गेल्यावर आत्या म्हणाल्या, ‘‘गुरुजी, जमलं न्हवं मला? मागं हितंच फोनवर गुजरातचं बोलताना ऐकलं व्हतं त्याला. मला इचारनार, ह्ये ठावं व्हतं. ऐन वक्ताला तोंडातनं ‘व्हय’ निसटंल, याचंच लई भ्या वाटायचं.’’

मला फार वाईट वाटलं. घराकडं वळत मी विचारलं,

‘‘आत्या, चहा घेता?’’

‘‘व्हय,’’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.