ट्रान्झिस्टरचा दहावा

यंत्रातला ट्रान्झिस्टर जळाला, की दहाव्या दिवशी त्याच्या पिंडाला कावळा शिवल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही. कऱ्हाडात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मुकुंद टेंबे आईला घेऊन सकाळी संगमावर आला, तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही.

जळालेला ट्रान्झिस्टर आईच्या कानाच्या यंत्रातला होता. पोलक्याला अडकवायची जुनी डबी, वर कानापर्यंत जाणारी वायर. त्याशिवाय आईला ढोलसुद्धा ऐकू येत नसे. मुकुंदने नवं यंत्र आणून पाहिलं होतं. "यात तू माझ्याशी बँकेतल्यासारखा बोलतोस," म्हणत तिने ते कानातून काढून ठेवलं.

जुना भाग बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. यंत्र दुरुस्त करणाऱ्या दस्तगीर मिस्त्रींनी पायाला भिंगरी लावून त्याच्या तोडीचा दुसरा शोधला होता, तो काडेपेटीत कापसावर ठेवून तेही घाटावर हजर होते.

"बंद टॉकीजच्या ॲम्प्लिफायरमधनं काढलाय, मुकुंदराव. नंबर येगळा हाय, पर गुण जुळत्यात. आता ह्यो गेला तर तिसरा मिळायचा न्हाई."

गुरुजींनी पिंड मांडला. कावळा समोरच्या भिंतीवर बसला होता, पण जागचा हलेना.

"डबी भंगारात देणार नाही," मुकुंदने हात जोडून सांगितलं. कावळ्याने मान फिरवली.

"सेल वेळच्या वेळी बदलू." कावळा पंख साफ करू लागला.

"दर्भाचा कावळा करून शिववला तर?" मुकुंदने विचारलं.

"पर्यायी कावळा चालतो माणसांना," गुरुजी म्हणाले. "यंत्रात नवा भाग आठवड्यात जळतो. काहीतरी इच्छा राहिलीय. आठवा."

मुकुंद आठवू लागला. इतकी वर्षं आपण बोललो ते सगळं या एवढ्याशा जिवातून आईपर्यंत गेलं. काय बोललो? जेवलीस का. औषध घेतलंस का. किती वेळा सांगू. दार लावून घे. त्याला फार वाईट वाटलं. बाबा गेले त्या रात्रीसुद्धा तो आईला एवढंच म्हणाला होता, की झोप आता.

"मी आईशी नीट बोलेन," तो म्हणाला. "रोज बसून बोलेन."

कावळा भिंतीवरून उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला.

"अजून काहीतरी आहे," गुरुजी म्हणाले.

आई इतका वेळ पिंडाकडे पाहत उभी होती. कोण काय कबूल करतंय हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. तिने पदर सारखा केला आणि पिंडाला नमस्कार केला.

"दमलास रे बाबा. खूप केलंस माझं. तुझ्या जागी आता मी कुणाला बसवणार नाही."

"आई, थांब!" मुकुंद ओरडला.

कावळा शिवला. गुरुजींनी घाईने हात जोडले. दिलेला शब्द मोडायची सोय या विधीत नाही.

मिस्त्रींनी काडेपेटी मिटून खिशात घातली. "चांगला हुता वो," ते म्हणाले आणि चपला शोधायला गेले.

"शिवला ना?" आईने मुकुंदला विचारलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मुकुंदने मान डोलावली.

शब्द त्यानेही दिला होता. तो आईशेजारी पायरीवर बसला, घसा खाकरला आणि बाबा गेले त्या रात्रीपासून सांगायला सुरुवात केली. आई नदीकडे पाहत होती. मधूनच ती "हं" म्हणे, भलत्याच ठिकाणी, आणि मुकुंद पुढे बोलत राही.